डोंगरधार आणि धृती : न्यू गिनीतील ऑस्ट्रेलियन युद्धलेखनाचा रसविचार

१

पापुआतील ओवेन स्टॅन्ली पर्वतरांगेत इसुरावा नावाचे एक स्थळ आहे. १९४२ च्या ऑगस्टअखेर तेथे ऑस्ट्रेलियन पायदळाने आपल्याहून प्रबळ अशा जपानी सैन्याला काही दिवस थोपवून धरले. त्याच्या स्मरणार्थ २००२ साली तेथे काळ्या दगडाचे चार स्तंभ उभारण्यात आले. प्रत्येक स्तंभावर एकेक शब्द कोरला आहे. मराठीत ते शब्द शौर्य, सोशिकता, सख्य आणि त्याग असे सांगता येतील. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात वीररसाचे जे अनुभाव सांगितले आहेत, त्यांत स्थैर्य, धैर्य, शौर्य आणि त्याग यांची गणना आहे. तेव्हा चार स्तंभांपैकी तीन आपल्या साहित्यशास्त्राच्या जुन्याच परिचयाचे आहेत. चौथा, म्हणजे सख्याचा, तेवढा त्या यादीत नाही.

हे साम्य पाहून न्यू गिनीतील युद्धाविषयीचे ऑस्ट्रेलियन लेखन हे वीररसाचे एक सरळ उदाहरण आहे असे म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात त्या मोहाचीच परीक्षा करावयाची आहे. स्मारकावरील शब्द एक गोष्ट सांगतात; लेखन बारकाईने वाचले असता ते दुसरेच काही सांगते. ते दुसरे काय आहे, आणि त्यात कोणाला स्थान मिळाले व कोणाला मिळाले नाही, या दोन प्रश्नांभोवती पुढील विवेचन आहे.

२

प्रथम विषयाची भूमी लक्षात घेणे अवश्य आहे. २१ जुलै १९४२ रोजी जपानी सैन्य पापुआच्या उत्तर किनाऱ्यावर गोना परिसरात उतरले. पर्वत ओलांडून दक्षिण किनाऱ्यावरचे पोर्ट मोर्झबी हे बंदर घ्यावयाचे, हा त्याचा उद्देश होता. मध्ये ओवेन स्टॅन्लीची रांग, आणि तिच्यावरून जाणारी सुमारे ९६ किलोमीटरांची पायवाट. ही वाट दोन हजार मीटरांहून अधिक उंची गाठते. परंतु खरी अडचण एकट्या उंचीची नव्हती. एक सोंड चढावी, तिच्या धारेवर क्षणभर उभे राहावे, पलीकडे घळीत उतरावे, ओढा ओलांडावा आणि पुन्हा तितकेच चढावे, असा तो क्रम होता. पाऊस आणि चिखल यांना खळ नव्हता. ऑस्ट्रेलियाची ३९ वी बटालियन ही नागरी सेनेतील कोवळ्या तरुणांची होती. नियमित लढाऊ दलातील सैनिक त्यांना चॉकलेटचे शिपाई म्हणून हिणवीत. उन्हात वितळतील ते, असा त्यातला टोमणा होता. इसुरावापर्यंतची माघार प्रथम त्यांनीच लढवली. पुढे मध्यपूर्वेतून परतलेल्या अनुभवी बटालियनी त्यांच्या मदतीस आल्या. तरीही सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियन सैन्य इओरिबाइवाच्या धारेवरून शेवटच्या इमिटा धारेपर्यंत मागे सरले. तेथून चित्र पालटले. ग्वादलकनाल बेटावरील अपयश आणि संपलेली शिधासामग्री यांमुळे जपानी सैन्याला माघारीचा हुकूम झाला, आणि २ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोडा हे गाव ऑस्ट्रेलियनांनी परत घेतले. या एका वाटेवर त्यांचे सहाशेहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. आजाराने निकामी झालेल्यांची संख्या याच्या कित्येक पट होती.

पुढच्या वर्षी हेच युद्ध फिनिस्टेर पर्वतात गेले. रामू नदीच्या खोऱ्यावर उभी असलेली शॅगी रिज ही डोंगरधार काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की तिच्यावरून एका वेळी एकच माणूस पुढे जाऊ शकतो. दोन्ही अंगांस कडे तुटलेले. तिच्यावरील पहिला बळकट सुळका २७ डिसेंबर १९४३ रोजी विमानांच्या व तोफांच्या माऱ्यानंतर २/१६ व्या बटालियनने घेतला. सबंध धार हाती येण्यास मात्र १९४४ च्या जानेवारीची अखेर उजाडली.

या भूमीचा साहित्यविचाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध निकटचा आहे. आपल्या शास्त्रात वीररसाचे आलंबन म्हणजे जिंकावयाचा प्रतिपक्षी. त्याचे गर्जन, त्याची आव्हाने, त्याचा पराक्रम ही उद्दीपने. म्हणजे शत्रू डोळ्यांसमोर उभा आहे हे तेथे गृहीतच धरलेले आहे. रणभूमी ही केवळ त्या भेटीची जागा. कोकोडाच्या वाटेवर आणि शॅगी रिजवर हे गृहीत टिकत नाही. शत्रू दिसत नाही; दिसतो तो डोंगर. सैन्य हजारांचे असले तरी आघाडी एका माणसाच्या रुंदीची असते. आणि विजय-पराजयाचा निर्णयही पुष्कळदा डोंगरच करतो. याचे एक साधे गणित आहे. पाठीवर सुमारे १८ किलो धान्य वाहून नेणारा ओझेकरी तेच धान्य स्वतः खाऊ लागला तर तेरा दिवसांत ते संपते. आठ दिवसांच्या वाटेवर त्याच्या ओझ्यातले लढणाऱ्या सैनिकाच्या वाट्यास किती येणार, हे सहज कळेल. ऑस्ट्रेलियन सैन्याला या गणिताने पेचात टाकले, आणि वाट लांबत गेली तेव्हा जपानी सैन्याला त्यानेच मारले. येथे भूमी हे उद्दीपन राहिलेले नाही. ती कारण झालेली आहे. ज्या लेखकाला हे उमगले त्याचे लेखन टिकले, आणि ज्याने डोंगराला केवळ भीषण पार्श्वभूमी म्हणून रंगवले त्याचे लेखन वृत्तपत्राच्या शिळ्या अंकाबरोबर गेले, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

३

या दृष्टीने चार कृतींचा विचार करू.

पहिली कृती लेखन नव्हे. ती चित्रपट आहे. तथापि पुढील सर्व लेखनावर तिची छाया असल्याने तिला वगळता येत नाही. डेमियन पॅरेर या छायाचित्रकाराने वाटेवर टिपलेल्या दृश्यांवरून केन हॉल यांनी १९४२ च्या सप्टेंबरात ‘कोकोडा फ्रंट लाइन’ हा सुमारे नऊ मिनिटांचा वार्तापट तयार केला. १९४३ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रेलियाला मिळालेले हे पहिलेच. या वार्तापटाचे दोन घटक एकमेकांशी भांडतात. निवेदकाचा आवाज वीररसाचा आहे. मायदेशी सुखात असलेल्या लोकांना तो चेतवू पाहतो. पॅरेरचा कॅमेरा मात्र शांत आहे. चिखलात रुतणारे पाय, काठीवर भार टाकून उतरणारा जखमी, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारे पापुअन लोक, पाठमोरी जाणारी रांग, एवढेच तो दाखवतो. शत्रू जवळजवळ दिसतच नाही. आवाज म्हणतो हे युद्ध आहे. दृश्य म्हणते हे चालणे आहे. आज ऐंशी वर्षांनंतर आवाज जुना वाटतो, दृश्य वाटत नाही. पॅरेर स्वतः १९४४ च्या सप्टेंबरात पेलेलिऊ बेटावर चित्रण करीत असता मारला गेला.

त्याच वाटेवर त्याच्याबरोबर ऑस्मार व्हाइट हा वार्ताहर होता. त्याचे ‘ग्रीन आर्मर’ हे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा शब्दार्थ हिरवे चिलखत असा होतो. अरण्य कोणाच्याही पक्षाचे नाही. ज्याला ते ओळखता येते त्याच्या अंगावर ते चिलखत होऊन बसते आणि ज्याला येत नाही त्याला ते उघडे पाडते, असा त्या शीर्षकाचा आशय मला वाटतो. या पुस्तकातील एक प्रसंग पुढे पुष्कळांनी उद्धृत केला आहे. गुडघ्याखाली पाय तुटलेला एक सैनिक जखमेभोवती गोणपाट गुंडाळून, कधी लंगडत तर कधी रांगत, मागे येत आहे. त्याला स्ट्रेचर देऊ करतात तेव्हा तो चिडतो. आपल्याहून अधिक जखमी असलेल्यांसाठी ते ठेवा, असे त्याचे म्हणणे. या प्रसंगात प्रतिपक्षी कोठे आहे? उत्साह कोठे आहे? येथे जिंकावयाचे काहीच नाही. पुढचा चढ तेवढा आहे.

मला वाटते, या साऱ्या लेखनाचे मर्म येथे सापडते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह. धृती ही त्याच्या व्यभिचारी भावांत गणलेली. म्हणजे येऊन जाणारी, उत्साहाला साह्य करणारी. न्यू गिनीच्या धारेवर हा क्रम उलटतो. उत्साह क्षणभर येतो, एखाद्या हल्ल्याच्या वेळी चमकतो आणि विझतो. राहते ती धृती. भरतमुनींनी धृतीचे लक्षण सांगताना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. जे मिळाले नाही, जे हातचे गेले, जे हिरावले वा नष्ट झाले, त्याचा शोक न करणे हा धृतीचा अनुभाव आहे. तुटलेल्या पायाचा तो सैनिक याचे मूर्तिमंत उदाहरण होय. हे लक्षण वाचकांनी ध्यानात ठेवावे. लेखाच्या अखेरीस त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

तिसरी कृती म्हणजे ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धेतिहास. कोकोडाचा खंड डडली मॅकार्थी यांनी लिहिला, तो १९५९ साली निघाला; शॅगी रिजचा खंड डेव्हिड डेक्स्टर यांचा, तो १९६१ सालचा. सरकारी इतिहास म्हटला की वाचकाच्या मनात सेनापतींचे हुकूम आणि बाणांनी भरलेले नकाशे येतात. येथे तेही आहे. परंतु या मालिकेची एक रीत साहित्यदृष्ट्या विलक्षण आहे. मजकुरात एखाद्या सैनिकाचे नाव आले, मग तो साधा शिपाई का असेना, की पृष्ठाच्या तळाशी त्याची टीप येते: त्याचा क्रमांक, बटालियन, मुलकी धंदा, गाव, जन्माची तारीख, मारला गेला असल्यास तेही. इसुरावा येथे २९ ऑगस्ट १९४२ रोजी हलकी मशीनगन कमरेशी धरून एकट्याने पुढे धावलेला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला ब्रूस किंग्जबरी हा घर-जमिनीच्या खरेदीविक्रीच्या धंद्यातला तरुण होता, हे अशाच टीपेतून कळते. वर मजकुरात एका धारेसाठी झुंज चालू असते. खाली शेतकरी, कारकून, लोकर कातरणारा अशी एकेक ओळ साचत जाते.

या रीतीचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात आहे. ती न्यू गिनीसाठी शोधून काढलेली नव्हे. परंतु तिचा खरा अर्थ न्यू गिनीत खुलतो. जेथे आघाडी एका माणसाच्या रुंदीची आहे तेथे इतिहासाचे एककही एक माणूस हेच असावयास हवे. डोंगराने सैन्याला एकेरी रांगेत उभे केले आणि तळटीपेने त्या रांगेतील प्रत्येकाला नाव दिले. महाकाव्यातील वीरांची नामावली आणि ही तळटीप यांच्यात फरक इतकाच की तेथे कुळ सांगतात, येथे धंदा. शैलीचा कोणताही आव न आणता या इतिहासकारांनी विषयाला योग्य असा रचनाबंध राखला, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

चौथी कृती टी. ए. जी. हंगरफर्ड यांची ‘द रिज अँड द रिव्हर’ ही १९५२ सालची कादंबरी. लेखक स्वतः कमांडो तुकडीत होता. कादंबरीची भूमी बूगनव्हिल बेट, आणि विषय एका छोट्या गस्ती तुकडीची वाटचाल. बूगनव्हिलची मोहीम १९४४ च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा युद्धाचा निर्णय उत्तरेस फिलिपाइन्स व जपान यांच्या दिशेने लागत होता. ही मोहीम अवश्य होती काय, हा वाद ऑस्ट्रेलियात तेव्हाच उपस्थित झाला होता. त्यामुळे कादंबरीतील माणसे ज्या धारा चढतात त्यांचे मोल त्यांच्या स्वतःच्या मनात संशयास्पद आहे. ध्येय क्षीण झाले की उत्साहाचा आधार सुटतो. मग माणूस कशासाठी चालतो? हंगरफर्डचे उत्तर असे की, तो पुढच्या व मागच्या माणसासाठी चालतो. इसुरावाच्या चौथ्या स्तंभावरील शब्दाचा अर्थ मला या कादंबरीत प्रथम नीट कळला. सख्य हा येथे भावनेचा उमाळा नव्हे. अरुंद वाटेवर मागचा माणूस थांबला तर सर्वच थांबतात, या वस्तुस्थितीतून ते जन्मते. त्यात कुरबूर आहे, शिव्या आहेत, एकमेकांविषयीचा तिटकाराही आहे. या खरखरीतपणामुळेच ते विश्वसनीय वाटते.

४

येथवर गुणवर्णन झाले. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. या एकेरी रांगेत आणखी एक माणूस होता. त्याच्या पाठीवर ओझे होते, किंवा खांद्यावर स्ट्रेचरचा बांबू. एका जखमी सैनिकाला खाली नेण्यास आठ ओझेकरी लागत. तळटीप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पापुअन पायदळ बटालियनमधील काही सैनिकांची नावे इतिहासात आली आहेत, हे खरे. ओझेकरी मात्र प्रायः संख्येच्या रूपानेच येतो. तो कोणत्या गावचा, वर्षभरात त्याच्या शेताचे काय झाले, हे त्या पृष्ठाच्या तळाशी लिहिलेले नाही.

त्याऐवजी त्याला एक उपाधी मिळाली. १९४२ च्या ऑक्टोबरात बर्ट बेरोस या सैनिकाने एक कविता लिहिली. जखमींना जपून नेणाऱ्या या लोकांना तिने कुरळ्या केसांचे देवदूत ठरवले आणि ती ऑस्ट्रेलियाभर गेली. त्यातील कृतज्ञता खोटी नाही. जखमींनी सांगितलेल्या आठवणी तिला साक्ष आहेत. परंतु समीक्षकाने शब्दाचे कूळ पाहावयास हवे. त्या उपाधीतील केसांविषयीचा शब्द किपलिंगच्या सुदानी योद्ध्यांवरील कवितेमुळे रूढ झालेला. एका साम्राज्याने आपल्या शत्रूला दिलेले टोपणनाव दुसऱ्या भूमीतील साहाय्यकांना चिकटवण्यात आले. आणि देवदूत या शब्दाने उरलेली मनुष्यताही काढून घेतली. देवदूताला थंडी वाजत नाही, त्याला मजुरी लागत नाही, तो घरी जाऊ इच्छीत नाही.

वस्तुस्थिती निराळी होती. १९४२ च्या जूनमध्ये लष्करी शासनाने काढलेल्या हुकुमानुसार पापुअन पुरुषांना सक्तीने कामावर घेता येत होते. ओझेकऱ्यांवर उपचार करणारा जेफ्री व्हर्नन हा वयस्क डॉक्टर त्या वाटेवर होता. अतिरिक्त ओझी, अपुरे अन्न, पांघरुणांचा अभाव यांच्या नोंदी त्याने करून ठेवल्या आहेत. आपल्या शास्त्रात दयावीर हा वीराचा एक भेद मानला आहे. कवितेने ओझेकऱ्याला दयावीराच्या पदावर बसवले. परंतु दयावीरालाही स्वतःचा उत्साह लागतो. ज्याचा होकार कोणी विचारला नाही त्याला वीर म्हणणे हा गौरव असला तरी ते त्याच्या मौनावर घातलेले पांघरूण आहे. आणि त्याच प्रदेशातील ज्या लोकांनी जपानी सैन्याला साह्य केले व ज्यांच्यावर मिशनरी त्याच्या हवाली केल्याचा ठपका आला, त्यांपैकी काहींना १९४३ साली हिगातुरू येथे फाशी देण्यात आले, हे देवदूतांच्या कथेत कोठेच बसत नाही.

याला एक सन्मान्य अपवाद आहे. पीटर रायन यांचे ‘फिअर ड्राइव्ह माय फीट’ हे आत्मकथन १९५९ साली, म्हणजे मॅकार्थींच्या खंडाबरोबरच, प्रसिद्ध झाले. युद्ध संपल्यावर लवकरच, अगदी तरुण वयात, ते लिहिले गेले होते. रायन लाए शहरामागील डोंगरांत जपानी ठाण्यांच्या पलीकडे गस्त घालीत असे. या पुस्तकात पोलीस दलातील करी आहे, वटूटे आहे, स्वयंपाकी डिंकिला आहे. ते चुकतात, चिडतात, सल्ला देतात, आणि लेखकाचा जीव अनेकदा त्यांच्या शहाणपणावर अवलंबून असतो. तरुण गोरा अधिकारी आणि त्याचे हुकूम मानणारे स्थानिक लोक हे नाते पुस्तकात समानतेचे नाही, आणि लेखक तसे भासवीतही नाही. परंतु तेथे कोणी देवदूत नाही, माणसे आहेत. एक नाव जे करू शकते ते शंभर उपाधींना साधत नाही, याचे हे प्रत्यंतर होय.

जपानी सैनिकाच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते, मात्र थोड्या निराळ्या अर्थाने. ऑस्ट्रेलियन लेखनात तो झाडीतून येणारी गोळी म्हणून येतो. क्वचित मृतदेह म्हणून. ज्या भुकेने त्याला पोखरले ती त्याच्याच भाषेत सांगितली जावी लागली. ओओका शोहेई यांच्या ‘नोबी’ या कादंबरीत लेयटे बेटावरच्या अशाच भुकेची कथा आहे. न्यू गिनीतील पराभूत सैन्याने आपल्याच माणसांचे काय केले, याचा पाठपुरावा हारा काझुओ यांच्या १९८७ च्या अनुबोधपटाने केला. तेथे रस वीर नाही. बीभत्स आणि करुण यांची सीमारेषा आहे. पापुआच्या मोहिमेचा जपानी अधिकृत इतिहास २००७ साली इंग्रजीत आला, तेव्हापासून दोन्ही बाजूंचे वृत्तांत शेजारी ठेवून वाचणे सुलभ झाले आहे. असे वाचताना ध्यानात येते की दोघेही एकाच डोंगराविषयी लिहीत होते.

५

आता धृतीच्या लक्षणाकडे परत येऊ. हातच्या गेलेल्याचा शोक न करणे हा सैनिकाचा गुण आहे. त्यावाचून तो पुढची धार चढू शकला नसता. परंतु सैनिकाचा गुण लेखनाने जसाच्या तसा उचलला की त्याचा दोष होतो. ज्या साहित्याने त्या सैनिकाच्या वतीने शोक करावयाचा, तेच जर धृतीचे व्रत घेऊन बसले तर शोक करावयाचा कोणी? ऑस्ट्रेलियन युद्धेतिहासाच्या तळटीपा हा, माझ्या मते, संयमित शोकाचाच एक प्रकार आहे. जन्मतारीख, धंदा, मारला गेल्याची तारीख या तीन तपशिलांत न लिहिलेला विलाप आहे. ओझेकऱ्यापुरते मात्र ते लेखन धृतीवरच थांबले. त्याच्या नष्ट झालेल्या दिवसांचा शोक कोणी केला नाही. त्याला देवदूत म्हणून पुढे जाणे सोपे होते. २००९ साली ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात साह्य करणाऱ्या पापुअन लोकांसाठी स्मरणपदक काढले, तेव्हा त्यांतील फारच थोडे हयात होते. २०१५ साली कोकोडा परिसरातील लोकांच्या तोंडी आठवणी संग्रहरूपाने आल्या. जी तळटीप १९५९ साली लिहिली गेली नाही ती लिहिण्याचा हा विलंबित यत्न आहे, आणि त्याचे मोल साहित्यदृष्ट्याही मोठे आहे.

भारतीय वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. सिंगापूरच्या पाडावानंतर जपान्यांच्या हाती सापडलेले भारतीय सैनिक मजूर म्हणून न्यू गिनीत नेण्यात आले. जे वाचले त्यांतील अनेकांची सुटका १९४५ साली ऑस्ट्रेलियन सैन्याने केली. जे वाचले नाहीत त्यांतील पुष्कळांच्या कबरी लाए येथील युद्धस्मशानात आहेत. म्हणजे ओझे वाहणाऱ्यांच्या रांगेत आपलीही माणसे होती. त्यांना शौर्याच्या स्तंभाखाली जागा नाही आणि देवदूतांच्या कवितेतही नाही.

तात्पर्य, या लेखनाचे श्रेष्ठत्व त्याने उत्साहाच्या जागी धृतीला बसवले यात आहे, आणि त्याची मर्यादा ती धृती कोणाकोणाच्या वाट्यास आली हे त्याने पुरते मोजले नाही यात आहे. आपल्या रसविचाराने या साहित्याकडे पाहिले असता त्या शास्त्रालाही एक गोष्ट शिकता येते. रणभूमी हे नेहमीच उद्दीपन असते असे नाही. कधी ती स्वतःच आलंबन होते, आणि मग वीर कोण हे ठरवण्यापूर्वी त्या भूमीवर ओझे कोण वाहत होते हे विचारावे लागते.